यंत्राला चूक सुधारायला शिकवणारा गणिती

जुन्या संगणकावर मोठी फाइल उतरवून घेण्याचा खटाटोप ज्यांनी केला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. रात्री झोपताना काम सुरू करावे आणि सकाळी उठून पाहावे, तर नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर सारे ठप्प झालेले असते. कधी फाइल पूर्ण आलेली दिसते, पण उघडायला गेले की ती सदोष असल्याचा संदेश पडद्यावर झळकतो. कोट्यवधी अंकांच्या त्या राशीत कुठेतरी एखादाच अंक उलटलेला असतो आणि तेवढ्यासाठी रात्रभराचे काम पाण्यात जाते.

अमेरिकेतील एका बत्तीस वर्षांच्या गणितज्ञाच्या वाट्याला १९४७ मध्ये हाच मनस्ताप सलग दोन आठवडे आला. तेव्हा इंटरनेट नव्हते, पडदा नव्हता आणि एक संगणक अख्खे दालन व्यापत असे. शुक्रवारी यंत्राच्या हवाली केलेले काम सोमवारी अर्धवट टाकून दिलेले आढळले, तेव्हा या गणितज्ञाचा संयम सुटला. चूक झाली आहे एवढे यंत्राला कळते, तर ती नेमकी कुठे झाली हे त्याला का कळू नये आणि त्याने ती स्वतःच का दुरुस्त करू नये, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधताना गणिताची एक नवी शाखा उभी राहिली. या गणितज्ञाचे नाव रिचर्ड वेस्ली हॅमिंग.

अपघाताने गणिताकडे

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. त्यांना व्हायचे होते अभियंता. मात्र महामंदीच्या त्या काळात शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची आणि तेथे अभियांत्रिकीचा विभागच नव्हता. साहजिकच त्यांनी गणित हा विषय घेतला. अभियंता झालो असतो तर आयुष्य बारीकसारीक कामांत गेले असते, त्याऐवजी संशोधनाच्या सीमेवर काम करायला मिळाले, अशी कृतज्ञता ते पुढे व्यक्त करीत. तरीही अभियंत्याची दृष्टी त्यांनी कधी सोडली नाही. गणित कशासाठी वापरायचे, हा प्रश्न त्यांच्या लेखी गणिताइतकाच महत्त्वाचा राहिला.

१९३७ मध्ये शिकागोची पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आहे. प्रबंधाचा विषय होता विकलक समीकरणांचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वांडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही काळ अध्यापन केल्यानंतर एप्रिल १९४५ मध्ये ते न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस येथे दाखल झाले. अमेरिकेचा अणुबॉम्ब तेथे आकाराला येत होता.

लॉस अलामॉसची आकडेमोड

हान्स बेथे यांच्या विभागात आयबीएमच्या गणनयंत्रांवर भौतिकशास्त्रज्ञांची समीकरणे सोडवून देण्याचे काम हॅमिंग यांच्याकडे आले. पत्नी वांडा याही लवकरच तेथे रुजू झाल्या आणि बेथे व एडवर्ड टेलर यांच्यासाठी आकडेमोड करू लागल्या. ओपेनहायमर, फर्मी, फाइनमन अशी माणसे आजूबाजूला वावरत होती. त्यांची यंत्रे चालू ठेवणारा आपण एक साहाय्यक आहोत, ही जाणीव हॅमिंग यांना बोचत असे. या माणसांच्या आणि आपल्या बुद्धीत नेमका फरक कुठे पडतो, याचा शोध त्यांनी तेव्हापासून घेतला आणि तो आयुष्यभर सुरू ठेवला.

तेथील एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला. जुलै १९४५ मधील पहिल्या चाचणीच्या थोडे आधी एका सहकाऱ्याने काही आकडेमोड तपासून देण्याची विनंती केली. काम हाताखालच्या माणसाकडे सोपवावे, असा हॅमिंग यांचा विचार होता. ही आकडेमोड कशाची आहे, असे सहज विचारले असता उत्तर मिळाले की, स्फोटाने संपूर्ण पृथ्वीचे वातावरण पेट घेण्याची शक्यता किती, याचे हे गणित आहे. हॅमिंग यांनी ते काम अर्थातच स्वतःकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की बेरीज-गुणाकार बरोबर आहेत, पण त्यामागच्या भौतिकशास्त्रीय सूत्रांची हमी आपण देऊ शकत नाही. गणित चुकले तरी हॅमिंग यांना दोष द्यायला कोणी उरणारच नाही, अशी समजूत त्यांच्या एका मित्राने घातली. एका चुकीची किंमत किती असू शकते, याचा याहून मोठा धडा क्वचितच कोणा गणितज्ञाला मिळाला असेल.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हॅमिंग दांपत्य न्यू जर्सीकडे निघाले. प्रवासासाठी त्यांनी एका सहकाऱ्याची जुनी मोटार विकत घेतली. तो सहकारी म्हणजे क्लाउस फुक्स. अणुबॉम्बची माहिती सोव्हिएत संघाला पुरवणारा हेर म्हणून १९५० मध्ये त्याचे नाव जगजाहीर झाले. त्याच्या काही आठवडेच आधी हॅमिंग यांनी ती मोटार विकली होती. हा योगायोग एफबीआयच्या नजरेतून सुटला नाही आणि हॅमिंग यांना चौकशीला तोंड द्यावे लागले.

वाया गेलेले दोन आठवडे

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरमध्ये तेथेच लागला. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन हे तेथे हॅमिंग यांचे सहकारी होते आणि काही काळ दोघे एकाच खोलीत बसत. नियमांना न जुमानणाऱ्या तरुण गणितज्ञांचे एक टोळकेच तेथे जमले होते आणि हॅमिंग त्यांतील ठळक नाव होते.

त्यांच्या वापरात असलेले मॉडेल ५ हे यंत्र टेलिफोन केंद्रातील रिलेंपासून बनवलेले होते. रिले म्हणजे विजेच्या प्रवाहाने उघडझाप करणारी कळ. अशा सुमारे ८,९०० कळा त्यात होत्या आणि दिवसाकाठी दोन-तीन कळा दगा देत. वीस-तीस लाख उघडझापींमागे एक चूक, असे हे प्रमाण होते. आकड्यांत ते नगण्य वाटते, पण लांबलचक गणिताचा विचका करायला एक चूक पुरेशी असते.

या यंत्राला चूक ओळखता येत असे. प्रत्येक अंक पाच कळांनी दर्शवला जाई आणि त्यांपैकी नेमक्या दोनच चालू असत. एखादी कळ अडकली की चालू कळांची संख्या एक किंवा तीन होई आणि यंत्र थांबे. कामाच्या दिवशी तेथे हजर असलेला माणूस दोष काढून गणित पुढे चालू करी. रात्री आणि शनिवार-रविवारी मात्र यंत्रापाशी कोणी नसे. अशा वेळी ते अडलेले गणित बाजूला टाकून पुढचे हाती घेई.

हॅमिंग यांना यंत्र मिळे ते शनिवार-रविवारीच. एका सोमवारी त्यांना आपले सर्व काम टाकून दिलेले आढळले. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच प्रकार. उत्तरांची वाट पाहणारे सहकारी तगादा लावत होते आणि हाती काहीच नव्हते. आजचा संगणकधारक अशा वेळी पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण दाबतो. हॅमिंग यांच्यासाठी पुन्हा प्रयत्न म्हणजे आणखी एक आठवडा होता.

चुकीचा पत्ता

सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गणित तीनदा करायचे आणि बहुमताने उत्तर ठरवायचे. मात्र त्यासाठी यंत्र तिप्पट लागले असते. हॅमिंग यांनी आधी अंकांची चौकट मांडून पाहिली. शून्य आणि एक या अंकांच्या, म्हणजेच बिटांच्या, आडव्या व उभ्या ओळी करायच्या आणि प्रत्येक ओळीतील एकांची संख्या सम राहील असे एक तपासणी-बिट तिच्या शेवटी जोडायचे. एखादा बिट उलटला की एक आडवी आणि एक उभी ओळ विषम होते आणि दोघी जिथे छेदतात तिथे चूक सापडते. सोळा बिटांसाठी अशी नऊ तपासणी-बिटे लागतात. ही उधळपट्टी हॅमिंग यांना खटकत होती. कंपनीची टपाल नेणाऱ्या मोटारीतून न्यूयॉर्कला जाताना ते याच प्रश्नाची उलटसुलट तपासणी करीत आणि प्रत्येक वेळी आणखी थोडी काटकसर साधत.

अखेर सापडलेली युक्ती विलक्षण सोपी आहे. सात बिटांना एक ते सात असे क्रमांक द्यावेत. पहिला, दुसरा आणि चौथा बिट तपासणीसाठी राखून ठेवावा. उरलेल्या चार जागी मूळ माहिती भरावी. पहिल्या तपासणीत १, ३, ५, ७ या जागा येतात, दुसरीत २, ३, ६, ७ आणि चौथीत ४, ५, ६, ७. प्रत्येक गटातील एकांची संख्या सम राहील, अशा बेताने तपासणी-बिटे ठरवायची.

समजा माहिती १०११ ही आहे. तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या जागी ती अनुक्रमे भरली की तपासणी-बिटे ०, १, ० अशी येतात आणि पूर्ण संदेश होतो ०११००११. वाटेत सहावा बिट उलटला आणि ०११०००१ असे हाती आले, असे मानू. पहिला गट सम निघतो. दुसरा आणि चौथा विषम निघतात. दोन आणि चार यांची बेरीज सहा. चुकीचा पत्ता मिळाला! सहावा बिट पुन्हा उलटवला की संदेश जसाच्या तसा. तपासणीचे बिट चुकले तरी त्याचाही पत्ता असाच मिळतो. कोणाला विचारावे लागत नाही आणि काही परत मागवावे लागत नाही. सोळा बिटांसाठी या रीतीने नऊऐवजी पाच तपासणी-बिटे पुरतात आणि माहितीचा गठ्ठा जितका मोठा, तितका हा खर्च प्रमाणात कमी होत जातो.

यामागील कल्पनेलाही हॅमिंग यांचेच नाव मिळाले. दोन अंकमालिका किती जागी वेगळ्या आहेत, ती संख्या म्हणजे हॅमिंग अंतर. ०११० आणि ००११ यांतील अंतर दोन आहे. वैध संदेशांमध्ये किमान दोनचे अंतर ठेवले तर एक चूक ओळखता येते. तीनचे ठेवले तर ती सुधारता येते. अंतर म्हटले की माणसाला मैल आठवतात. हॅमिंग यांनी ते शब्दांमध्ये मोजायला शिकवले.

पेटंटची अट आणि श्रेयाचा वाद

शोध लागला, पण तो लगेच छापता आला नाही. पेटंटचे काम पूर्ण होईपर्यंत प्रसिद्धी नाही, अशी कंपनीची भूमिका होती. गणिताच्या सूत्रांना पेटंट मिळेल यावर हॅमिंग यांचा विश्वासच नव्हता. वकिलांनी ते मिळवून दाखवले. सहकारी बर्नार्ड होलब्रूक यांच्यासह हॅमिंग यांच्या नावावर १९५१ मध्ये पेटंट मंजूर झाले.

दरम्यान १९४८ मध्ये शॅनन यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात हॅमिंग यांच्या सात बिटांच्या संकेताचे उदाहरण दिले. ते वाचून मार्सेल गोले या स्विस वंशाच्या शास्त्रज्ञाने ही कल्पना स्वतंत्रपणे पुढे नेली आणि १९४९ मध्ये छोटेखानी टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केली. हॅमिंग यांचा मूळ निबंध बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात अवतरला तो एप्रिल १९५० मध्ये. साहजिकच श्रेय कोणाचे, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. आज या विषयाच्या इतिहासात दोघांचीही नावे आदराने घेतली जातात.

जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न

हॅमिंग यांचे काम या एका शोधापुरते मर्यादित नव्हते. संगणकाकडून मोठी गणिते अचूक कशी सोडवून घ्यावीत, यावरील त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशांच्या विश्लेषणात वापरले जाणारे हॅमिंग विंडो हे तंत्रही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९५८ ते १९६० या काळात त्यांनी संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९६८ मध्ये त्यांना मिळाला. या पुरस्काराचे ते तिसरेच मानकरी.

स्वभावाने ते रोखठोक होते. बेल प्रयोगशाळेच्या भोजनगृहात ते काही काळ रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर बसू लागले. तुमच्या क्षेत्रातील महत्त्वाचे प्रश्न कोणते, असे त्यांनी आधी विचारले. आठवड्याभराने विचारले की, तुम्ही सध्या कोणत्या प्रश्नावर काम करता. आणखी काही दिवसांनी तिसरा प्रश्न आला. जे काम महत्त्वाचे नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत, ते तुम्ही का करता? त्यानंतर त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले. मात्र त्यांपैकी एका शास्त्रज्ञाने त्या प्रश्नावर उन्हाळाभर विचार केला, आपल्या कामाची दिशा तपासली आणि पुढे तो विभागप्रमुख झाला. त्या टेबलावरील इतरांची नावे नंतर कधी कानावर आली नाहीत, असे हॅमिंग सांगत.

मार्च १९८६ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी हा सारा अनुभव मांडला. कर्तबगारी नशिबावर सोडू नये, खोलीचे दार उघडे ठेवावे, अडचणीकडे संधी म्हणून पाहावे, असा त्याचा आशय होता. वाया गेलेल्या दोन आठवड्यांतून विज्ञानाची शाखा उभी करणाऱ्या माणसाच्या तोंडी हा उपदेश शोभून दिसला. ते व्याख्यान जगभरातील तरुण संशोधक आजही वाचतात.

माँटेरेचे गुरुजी

तीस वर्षांच्या सेवेनंतर १९७६ मध्ये हॅमिंग यांनी बेल प्रयोगशाळा सोडली. वय झालेल्या संशोधकांनी तरुणांसाठी जागा मोकळी करावी, असे त्यांचे मत होते. त्यानंतर कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात त्यांनी दोन दशके अध्यापन केले. त्यांच्याच नावाने सुरू झालेल्या पदकाचे १९८८ मध्ये पहिले मानकरी तेच ठरले. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे काम कसे करावे, यावरील त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक १९९७ मध्ये आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी अखेरचे व्याख्यान दिले आणि काही आठवड्यांतच, ७ जानेवारी १९९८ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

आजच्या फाइलीतील हॅमिंग

आज एखादी मोठी फाइल इंटरनेटवरून येते तेव्हा तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर तुकडा टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. पुन्हा मागवण्याची सोय असते तिथे एवढे पुरते. ती नसते तिथे हॅमिंग यांचा मार्ग धरावा लागतो. ओरखडा गेलेल्या सीडीला हरवलेला सूर कोणाकडून परत मागवता येत नाही. शनीजवळून जाणाऱ्या व्हॉयेजर यानाला चित्र पुन्हा पाठव म्हणून सांगायचे, तर संदेश पोहोचायलाच तासाहून अधिक वेळ लागतो. व्हॉयेजरने गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रे पाठवली ती गोले यांच्या संकेतात गुंफून. सीडी आणि क्यूआर कोड यांत रीड-सॉलोमन संकेत वापरला जातो. पेन ड्राइव्हसारख्या साधनांत साध्या हॅमिंग संकेतापासून बीसीएच संकेतापर्यंत अनेक रीती वापरल्या गेल्या. बीसीएच या नावातील पहिले अक्षर राजचंद्र बोस या भारतीय गणितज्ञाचे आहे. द्विजेंद्र राय-चौधरी यांच्यासह त्यांनी तो १९६० मध्ये मांडला.

मोठ्या सर्व्हरच्या स्मृतीत दर ६४ बिटांमागे ८ तपासणी-बिटे असतात. एक चूक झाली तर ती जागच्या जागी सुधारली जाते, दोन झाल्या तर निदान कळतात. घरगुती संगणकात ही सोय सहसा नसते आणि जुन्या यंत्रांची रडकथा बरीचशी तिथेच सुरू होते. म्हणूनच अशा यंत्रावर फाइल वारंवार बिघडत असेल, तर हॅमिंग यांनी घालून दिलेला क्रम आजही उपयोगी पडतो. चूक कुठे होते हे आधी शोधावे. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बिघाड होत असेल तर स्मृती किंवा केबल संशयित ठरते. नेहमी एकाच ठिकाणी काम अडत असेल तर डिस्कचा तो भाग खराब झालेला असू शकतो. चार गिगाबाइटच्या पुढे फाइल जातच नसेल तर यंत्रात दोष असेलच असे नाही; फॅट३२ या जुन्या मांडणीची मर्यादाच तेवढी आहे. मूळ फाइलचा आणि आपल्या प्रतीचा तपासणी-आकडा जुळवून पाहिला की ती शाबूत आली की नाही, याचा निकाल लागतो.

हॅमिंग यांच्या काळापासून यंत्रांचा वेग कल्पनेपलीकडे वाढला. चुका मात्र थांबलेल्या नाहीत. डिस्कवर, स्मृतीत, तारेत आणि हवेतून येणाऱ्या लहरींत त्या प्रत्येक क्षणी होतच असतात. त्यांतील बहुसंख्य चुका आपल्याला कळायच्या आत दुरुस्त होतात आणि फाइल बिनबोभाट उघडते. यंत्रापाशी कोणी नसले तरी सोमवारी काम पूर्ण झालेले सापडावे, एवढीच त्या तरुण गणितज्ञाची अपेक्षा होती. ती आता जगभर दररोज पूर्ण होते.